इलेक्ट्रिक गाड्यांच्या तोंडावरची जाळी गेली कुठे? नागपूरच्या उन्हातून समजून घ्या

नागपूरच्या सक्करदरा चौकातल्या सिग्नलवर आता हिरव्या नंबरप्लेटच्या गाड्यांचं कुणाला नवल वाटत नाही. खासगी इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं असतात, टॅक्सीच्या प्लेटवर पिवळी. पण प्लेट झाकली तरी या गाड्या बऱ्याचदा ओळखू येतात, कारण त्यांचा चेहराच वेगळा असतो. हेडलाइटच्या मधली मोठी जाळी, म्हणजे ग्रिल, बहुतेक गाड्यांत दिसतच नाही. मग ही जाळी खरंच गरजेची नव्हती का? आणि ४५ अंशांच्या नागपुरात बंद तोंडाची गाडी तापत नाही का?

मुळात जाळी कशासाठी होती?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ऊर्जाच चाकांपर्यंत पोहोचते. उरलेल्या बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. त्यातली काही सायलेन्सरवाटे बाहेर पडते आणि बरीचशी रेडिएटरमधून काढावी लागते. रेडिएटरला भरपूर वारा लागतो, म्हणून गाडीच्या नाकावर मोठं भोक आणि त्यावर जाळी आली.

पुढे हीच जाळी कंपनीची ओळख बनली. बीएमडब्ल्यूच्या दोन नाकपुड्या किंवा जीपच्या सात उभ्या फटी लांबूनही ओळखू येतात.

इलेक्ट्रिक मोटर मात्र मिळालेल्या विजेतली सुमारे ९० टक्के ऊर्जा गती देण्यासाठी वापरते. उष्णता थोडी, त्यामुळे एवढ्या मोठ्या भोकाची गरज राहिली नाही.

मग गाडी पूर्ण बंद का नसते?

इलेक्ट्रिक गाडीच्या पुढच्या बंपरखाली वाकून पाहिलं तर उत्तर मिळतं. नंबरप्लेटच्या खाली वारा घेणारी फट असते. म्हणजे जाळी नाहीशी झालेली नाही. ती लहान झाली आणि खाली सरकली.

यामागे तापमानाचं साधं गणित आहे. पेट्रोल इंजिनातलं कूलंट ९० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. बाहेर ४५ अंशांचं ऊन असलं तरी ती हवा त्या कूलंटपेक्षा ४५ अंशांनी थंडच असते, त्यामुळे नुसत्या वाऱ्यावर काम भागतं. बॅटरीचं तसं नाही. माणसाला जे तापमान बरं वाटतं, साधारण तेच बॅटरीला मानवतं. ती सतत ४० अंशांच्या वर राहिली तर लवकर म्हातारी होते. मे महिन्यातल्या दुपारी नागपूरची हवाच बॅटरीला हव्या असलेल्या तापमानापेक्षा गरम असते. अशा हवेने बॅटरी थंड कशी होणार?

म्हणून अनेक गाड्यांत एसीची यंत्रणा बॅटरीच्या कूलंटलाही थंडावा देते. त्या एसीचा कंडेन्सर गाडीच्या नाकातच बसतो आणि त्याला वारा लागतो. फास्ट चार्जिंग करताना गाडी उभी असूनही पुढून पंख्याचा मोठा आवाज येतो, तो याचमुळे. तो बिघाड नसतो.

काही गाड्यांत या फटीला उघडझाप करणाऱ्या पट्ट्याही असतात. गरज पडली की त्या उघडतात, नाहीतर बंद राहतात.

बंद तोंडाचा फायदा कुठे?

सक्करदऱ्याच्या गर्दीत ३० च्या वेगाने जाताना फारसा नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे गुळगुळीत नाकाची खरी कमाई नागपूरहून मुंबईकडे निघणाऱ्या समृद्धी महामार्गावर दिसते. तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. ६० च्या तुलनेत १२० वर हवेचा विरोध चौपट असतो आणि एका चार्जमध्ये मिळणारं अंतर झपाट्याने घटतं. बंद नाक, सपाट तळ, उतरतं छत, दारात दबलेली हँडलं या सगळ्याचा हेतू तोच.

नुसता चेहरा नाही, अंगही बदललं

नागपूरने हा बदल लवकर पाहिला. २६ मे २०१७ रोजी ओला आणि महिंद्राने इथे २०० इलेक्ट्रिक वाहनांचा प्रकल्प सुरू केला. त्यात छोटुकल्या ई-टू-ओ प्लस टॅक्सी होत्या.

जानेवारी २०२० मध्ये टाटा नेक्सॉन ईव्ही आली. तिचा सांगाडा पेट्रोल नेक्सॉनचाच होता आणि वरची जाळी बहुतांश झाकलेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई आणल्या. या चाकणला बनणाऱ्या गाड्या मुळातच इलेक्ट्रिक म्हणून आखलेल्या आहेत.

दोन्हींतला फरक मोजता येतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर नेक्सॉनमध्ये २,४९८ मिलिमीटर आहे, बीई ६ मध्ये २,७७५. बॅटरी जमिनीलगत पसरवायची तर चाकं कोपऱ्यांकडे ढकलावी लागतात. बॅटरीच्या जाडीमुळे गाडीची उंचीही वाढू पाहते. मग ती उंची लपवायला खाली काळ्या पट्ट्या आणि मोठी चाकं येतात.

इंजिन गेल्यावर बोनेटखाली डिकी मिळते, तिला ‘फ्रंक’ म्हणतात. पंच ही मूळची पेट्रोल गाडी. तिच्या ईव्हीत ती १४ लिटरची आहे, तर एक्सईव्ही ९ईमध्ये १५० लिटरची. बोनेट मात्र पूर्ण नाहीसं होत नाही. टक्कर झाली तर चेपायला जागा लागते आणि पादचारी आदळला तर त्याच्या डोक्याला कडक भाग लागू नये याचीही काळजी घ्यावी लागते.

डोळ्यांची सवय

२०१२ च्या टेस्ला मॉडेल एसला पुढे जाळीसारखा काळा भाग होता. २०१६ मध्ये तो काढला गेला. लोकांची नजर सरावेपर्यंत कंपन्या खोटी जाळी ठेवतात. आता ओळख पटवण्याचं काम दिव्यांकडे गेलं आहे. म्हणूनच पंच ईव्हीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्याची पट्टी आहे.

गाडी घेणाऱ्याने काय पाहावं?

- बंपरखालची फट मोकळी ठेवा. तिथे अडकलेली प्लास्टिकची पिशवी, चिखल किंवा पालापाचोळा उन्हाळ्यात थेट कूलिंगवर परिणाम करतो.
- पुढे लोखंडी गार्ड लावू नका. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. शिवाय तो वाराही अडवतो.
- चार्जिंगचं तोंड कुठे आहे ते पाहा. पंच ईव्हीत ते पुढे आहे, काही गाड्यांत मागच्या बाजूला. अरुंद गल्लीत गाडी नाकाने आत घालायची की मागे घेत, हे त्यावर ठरतं.
- बॅटरीला कूलंटचं कूलिंग आहे का, हे शोरूममध्ये स्पष्ट विचारा. विदर्भात हा प्रश्न जाळीच्या डिझाइनपेक्षा महत्त्वाचा आहे.