बर्नच्या तीन वेशी आणि गुलाबबाग

स्वित्झर्लंडमधील बर्न नगराला आरे नदीनें तीन बाजूंनीं वेढा घातला आहे. त्यामुळें झेरिंगनचा ड्यूक पांचवा बेर्टोल्ड यानें ११९१ सालीं हें नगर वसविलें तेव्हां संरक्षणाची खरी काळजी काय ती पश्चिमेची. नगर वाढलें तेंही त्याच दिशेनें, आणि वाढीबरोबर वेस पुढें सरकत गेली. पहिली वेस म्हणजे आजचा घड्याळाचा मनोरा, झिटग्लोग. दुसरी केफिगटुर्म, जिचा पुढें तुरुंग झाला. तिसरी क्रिस्टोफेल, चौदाव्या शतकांतली. हिच्या कोनाड्यांत संत क्रिस्टोफरची प्रचंड लांकडी मूर्ति उभी होती.

आगगाडी आली आणि क्रिस्टोफेलवर गंडांतर ओढवलें. स्थानक अगदीं तिच्या शेजारीं. वाहतुकीला ती अडते असें म्हणणारा पक्ष बळावला. डिसेंबर १८६४ मध्यें नगरसभेंत मतें मोजलीं, तों पाडण्याच्या बाजूनें ४१५ आणि राखण्याच्या बाजूनें ४११! रस्ता रुंद झाला हें खरें. पण चार मतांच्या या अंतराला नगराचा निर्णय म्हणावें कीं योगायोग? १८६५ सालीं वेस जमीनदोस्त झाली. तिचा पाया आज स्थानकाच्या भुयारी मार्गांत पाहावयास मिळतो.

गुलाबबागेचें नशीब निराळें. नदीपलीकडील या उंचवट्यावर १७६५ पासून १८७७ पर्यंत दफनभूमि होती. १९१३ सालीं तिचें सार्वजनिक उद्यान झालें. आतां तेथें गुलाबांच्या दोनशेंहून अधिक जाती फुलतात. कठड्याशीं उभें राहिलें कीं तांबड्या कौलांच्या गर्दींतून झिटग्लोगचा कळस सहज ओळखतां येतो. क्रिस्टोफेल कोठें होती, हें मात्र कोणी तरी सांगावें लागतें.