‘हुशार’ मुलं निवडणारा कोण?

आरक्षणाचा विषय निघाला की गुणवत्तेचा प्रश्न आमच्यापुढे टाकला जातो, आणि आम्ही टक्के, कटऑफ, निकालांचे आकडे मांडत बसतो. त्याच्या आधीचा प्रश्न तसाच राहतो. मूल हुशार आहे हे ठरवतो कोण आणि तो बघतो कुणाकडे? अमेरिकेत प्रज्ञावान शाळकरी मुलांसाठी वेगळे वर्ग आणि जादा अभ्यासक्रम सुरू झाले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली. तो इतिहास आंबेडकरी तरुणांनी वाचायलाच हवा.

९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, ती जातीअंतर्गत लग्नांनी टिकवली जाते, हे त्यांनी तिथे मांडलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनचं बुद्धिमापनावरचं पुस्तक आलं. मुळात ही चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. टर्मननं तिला जन्मजात बुद्धीची मोजपट्टी केलं. काळे, मेक्सिकन आणि मूळनिवासी लोकांचा ‘मंदपणा’ वांशिक दिसतो, त्यांची मुलं वेगळ्या वर्गांत बसवावीत, असं त्यानं त्या पुस्तकात लिहिलं. आमच्याकडे हे काम धर्मग्रंथांनी केलं होतं, तिकडे ते विज्ञानाच्या नावावर झालं.

१९२१ पासून टर्मननं कॅलिफोर्नियात सुमारे १,५०० प्रज्ञावान मुलं गोळा केली. पद्धत अशी की शिक्षकांनी वर्गातली सर्वांत हुशार मुलं आणि वयानं सर्वांत लहान मूल यांची नावं द्यायची, मग त्यांची चाचणी घ्यायची. शिक्षकाच्या नजरेत जे मूल भरलं नाही, त्याच्यापर्यंत चाचणी पोचलीच नाही. निवडलेली मुलं जवळपास सगळी गोरी निघाली, यात नवल ते काय? आणि मोजपट्टी तरी किती खरी? चाचणी देऊनही जी मुलं टर्मनच्या यादीत बसली नाहीत, त्यांत विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. (शॉक्ली उतारवयात काळ्यांच्या बुद्धीला कमी लेखणारा प्रचारक झाला, हे वेगळंच.)

टर्मनला उत्तर दिलं मार्टिन जेंकिन्स या काळ्या संशोधकानं, आणि ते टर्मनच्याच हत्यारानं. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९३०च्या दशकात त्यानं पीएचडी केली. शिकागोच्या सात शाळांतून, तिसरी ते आठवीच्या वर्गांतली, १२० किंवा त्याहून जास्त बुद्ध्यांक असलेली १०३ काळी मुलं त्यानं शोधून काढली. ‘बी’ या अक्षरानं नोंदलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीचा बुद्ध्यांक २०० निघाला. तिच्यावरचा लेख जेंकिन्स आणि त्याचे मार्गदर्शक पॉल विटी यांनी १९३५ साली छापला.

आता युक्तिवाद बघा. काळं मूल हुशार निघालं तर त्याच्यात गोरं रक्त असणार, असं तेव्हाचे विद्वान म्हणत. जेंकिन्सनं पालकांकडून वंशावळी मागवल्या. त्या हुशार मुलांमध्ये मिश्र वंशाचं प्रमाण बाकीच्या काळ्या समाजापेक्षा जास्त नव्हतं. दावा तिथेच कोसळला. पण आमच्यापैकी किती जणांनी कॉलेजात ऐकलंय, ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’? ते हेच गोरं रक्त.

बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत घेऊ दिलं नाही, फारशी घ्यावं लागलं. बागेत वाचत बसणाऱ्या त्या मुलाची दखल घेतली ती कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी. पुढे तेच त्यांना सयाजीराव महाराजांपर्यंत घेऊन गेले आणि शिष्यवृत्ती मिळाली. एका माणसाची नजर पडली म्हणून हे घडलं. ज्यांच्यावर नजरच पडली नाही त्यांची गणती कोण करणार?

म्हणून काही कार्यकर्ते म्हणतात की असले कार्यक्रमच नकोत, ते आम्हाला पटत नाही. दार कुणाच्या हातात आहे, यावर भांडावं लागेल. फ्लोरिडाच्या ब्रोवर्ड काउंटीत २००५ साली शिक्षक-पालकांच्या शिफारशीची वाट न बघता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाचणी घेतली गेली. प्रज्ञावान ठरलेल्या काळ्या मुलांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. मुलं तीच होती. पुढे मंदीत पैसे नाहीत म्हणून ही चाचणी थांबली आणि दरी पुन्हा पूर्वीसारखी झाली.

आपल्याकडे १९८६च्या धोरणानं नवोदय विद्यालयं दिली. पहिल्या दोन विद्यालयांतलं एक आपल्या अमरावतीत सुरू झालं, आणि तिथे ग्रामीण मुलांसाठी जागा राखीव आहेत, अनुसूचित जाती-जमातींसाठीही आहेत. २०२०च्या धोरणात प्रज्ञावान मुलांसाठी मंडळं, शिबिरं, ऑलिम्पियाड यांची भाषा आहे, पण ही मुलं ओळखण्याचा भार तिथेही शिक्षकावरच आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचं चित्र आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. पूर्वी चौथी-सातवीची, मग पाचवी-आठवीकडे सरकवलेली ही परीक्षा. अनेक शाळांत सर काही मुलं निवडतात, त्यांचीच जादा तासाची बॅच होते, त्यांचेच फॉर्म भरले जातात. वस्तीतल्या पोराला फॉर्मची तारीख उलटल्यावर कळतं.

आपल्या तालुक्यातल्या शाळांनी यंदा किती मुलं बसवली, पटावर किती होती, त्यात अनुसूचित जाती-जमातींची किती, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे माहितीच्या अधिकारात मागता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात.