सोमवारचे घर, मंगळवारचे घर

पोराला पुढे शिकवायचे ठरले की हिंगोलीकडच्या घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘राहण्याजेवणाचं काय?’ हा. कॉलेज कोणते, फी किती, हे नंतर. नांदेडला कोण आहे, परभणीला आत्याच्या दिराची खोली रिकामी आहे का, पुण्यात ‘समिती’त नंबर लागेल का, याची चौकशी रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर सुरू होते. या प्रश्नाचे कूळ बरेच जुने आहे. शिकण्यासाठी परक्या घरी राहणे आणि परक्या पोराला आपल्या घरी ठेवून घेणे, या दोन बाजूंनी ते वाढले आहे.

नरहर कुरुंदकर हे त्यातले आमच्या जवळचे उदाहरण. गाव वसमत तालुक्यातले कुरुंदा, जन्म 15 जुलै 1932 चा, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा, म्हणजे आजोळचा. शाळा वसमतला झाली. पुढचे शिक्षण हैदराबादला, सिटी कॉलेजात. राहायला मामांचे घर. मामा म्हणजे उस्मानिया विद्यापीठात मराठी शिकवणारे डॉ. ना. गो. नांदापूरकर, मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या भारतांचा तौलनिक अभ्यास करणारे. ज्या घरात जेवणाच्या पाटावर ओव्या आणि आर्या यांची चर्चा होऊ शकते, तिथे राहणाऱ्या भाच्याचे शिकणे कॉलेज सुटले म्हणून थांबत नाही. पुढे कुरुंदकरांनी इतिहासावर, राजकारणावर, साहित्यावर जे लिहिले आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजात जे शिकवले, त्यात त्या घराचा वाटा मोठा आहे असे मला वाटते.

तेव्हाचे हैदराबाद नांदापूरच्या मुलाला परमुलूखच. राज्य एकच, निजामाचे, पण शहराची भाषा वेगळी. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ निघाले ते 1958 साली, तेही औरंगाबादला. त्याआधी कितीतरी वर्षे पदवी हवी असेल तर गोदावरीकाठच्या मीटरगेज गाडीत वळकटी टाकून राजधानी गाठायची आणि तिथे कुणाचे तरी दार ठोठवायचे. ज्याला मामा होता तो मामाकडे गेला. ज्याला नव्हता त्याने काय केले, ही या कुळकथेची खरी सुरुवात.

सर्वात जुनी रीत गुरूच्याच घरी राहण्याची. मराठवाड्यात तिची घरोघर सांगितली जाणारी कथा एकनाथांची आहे. पैठणचा मुलगा देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला, त्यांच्या घरी राहिला, त्यांचे हिशेब लिहू लागला आणि एका पैची चूक सापडेपर्यंत रात्रभर दिव्यापाशी बसला. कथेतली भक्ती आपण लक्षात ठेवतो. पण त्यात राहण्याजेवणाची व्यवस्थाही आहे: विद्यार्थी घरचे काम करतो, घर त्याला जेवू घालते आणि विद्या त्यातूनच मिळते. पैशाचा व्यवहार नाही, तरी फुकटही काही नाही.

गुरूचे घर पुरेनासे झाले तेव्हा गाव पुढे आले. माधुकरी ही त्यातली एक वाट. मुंजीत बटू ‘भवति भिक्षां देहि’ म्हणत आधी आईपुढे हात पसरतो, तोच संस्कार पुढे शिकण्याची शिदोरी झाला. मुलगा सोवळे नेसून ठरलेल्या घरांपुढे उभा राहायचा. एका घरून भात, दुसऱ्याकडून वरण, तिसऱ्याकडून भाजी, सगळे एकाच भांड्यात. कोरडा शिधा वेगळा आणि ही शिजलेली भिक्षा वेगळी.

दुसरी वाट वार लावण्याची, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. इथे मुलगा दारात उभा राहत नाही, घरात पाटावर बसतो. कुणी वडीलधारा किंवा शाळामास्तर नवख्या मुलाला बरोबर घेऊन ओळखीच्या घरी जायचा. एक घर सोमवार घ्यायचे, दुसरे मंगळवार. सात घरे मिळाली की आठवडा भरला. पाच किंवा सहाच मिळाली तर उरलेल्या दिवशी पोह्यांवर भागवायचे नाही तर उपाशी निजायचे. एखाद्या घरात सोयर-सुतक आले की त्या आठवड्यात तो वार बुडायचा. एकादशीला फराळावर निभवायचे. काही घरी मुलाने देवांची पूजा करावी, विहिरीचे पाणी भरावे, धाकट्यांना पाढे शिकवावेत अशी अपेक्षा असे. काही घरी सगळ्यांची जेवणे उरकल्यावर त्याचे पान मांडले जाई. आणि काही घरी मालकीणबाई ‘आज बुधवार, तो पोरगा यायचाय’ म्हणून दोन घास जास्तच रांधत. ‘वार लावून शिकला’ हे शब्द आजही एखाद्या मोठ्या माणसाविषयी सांगताना आदराने उच्चारले जातात. तो आदर त्या मुलाच्या जिद्दीला असतो. त्या सात चुलींपुढे बसलेल्या बायकांची नावे मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत, आणि माझ्या मते त्या शिक्षणाचा निम्मा खर्च त्यांनीच उचलला.

पण ही रीत सगळ्यांसाठी नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवे. माधुकरी आणि वार या ब्राह्मण घरांच्या ब्राह्मण मुलांसाठीच्या सोयी होत्या. कुणब्याचा, धनगराचा, महाराचा मुलगा शाळेच्या गावी आला तर त्याला पाट कोण मांडणार? बुद्धी असूनही, फी माफ होऊनही मुले परत जात, कारण गावात पाठ टेकायला जागा नसे. शिक्षणाचे दार शाळेत नव्हे, स्वयंपाकघरातच बंद होत होते.

हे ज्यांनी ओळखले त्यांनी बोर्डिंग काढली. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी निघालेले मिस क्लार्क वसतिगृह त्यातलेच. त्याच्या समारंभाला गेलेल्या एका जैन बोर्डिंगच्या मुलाला परत आल्यावर आंघोळ करायला सांगण्यात आले. त्याने नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. 1924 साली साताऱ्यात त्यांनी जे छत्रपती शाहू बोर्डिंग उभे केले, तिथे सगळ्या जातींची मुले एकाच चुलीवरचे, एकाच पंगतीत जेवली. मराठवाड्यात हे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. 1950 साली औरंगाबादला सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाबरोबर नागसेनवनात वसतिगृहे आली आणि ज्यांना कुणी वार दिला नसता अशी खेड्यातली मुले तिथे राहून शिकली.

परदेशातली गोष्टही याच कुळातली. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला डॉक्टरी शिकायला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. नाते, जात, धर्म, भाषा, काहीच एक नव्हते. ओळख झाली ती एका मिशनरी मासिकात छापलेल्या पत्रव्यवहारामुळे, आणि ते मासिक कार्पेंटरबाईंच्या हाती पडले ते दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना. पुढे टपालाने मैत्री वाढली आणि 4 जूनला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा एक घर त्यांची वाट पाहत होते. कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या. फिलाडेल्फियात कॉलेजजवळची राहण्याची जागा त्यांच्या तब्येतीला मानवली नाही, तेव्हा डीन रेचल बॉडली यांनी त्यांना स्वतःच्या घरी नेले. 1886 साली पदवी मिळाली, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या. त्यांच्या अस्थी मावशीकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला एका घराने आपल्या पूर्वजांच्या शेजारी जागा दिली.

सगळ्यांच्या वाट्याला अशी मावशी आली नाही. बाबासाहेब 1921–22 मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर 10 क्रमांकाच्या घरात भाड्याने राहत होते. सकाळचा नाश्ता जेमतेम, दुपारी जेवणाची चैन नाही, आणि रात्री अभ्यास करताना पोटात आग पडली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले.

पाश्चात्त्य देशांत याची संघटित पद्धत बसली ती बऱ्याच उशिरा. अमेरिकेतल्या डोनाल्ड वॉट यांनी 1932 साली तरुणांना युरोपात नेऊन लोकांमध्ये मिसळायला लावण्याचा प्रयोग सुरू केला आणि त्यातून परदेशी कुटुंबात राहून शिकण्याची चाल रूढ झाली. महायुद्धांत रुग्णवाहिका चालवणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या संघटनेने 1947 पासून शाळकरी मुलांची देवघेव सुरू केली. त्यांची कल्पना अशी, की दुसऱ्या देशातल्या घरात वर्षभर जेवलेला मुलगा त्या देशावर सहजी बंदूक उगारणार नाही. आमच्याकडे शिकणाऱ्याच्या पोटासाठी निघालेली रीत तिकडे शांततेसाठी निघाली.

हिंगोलीत आज वार कुणी लावत नाही. त्याची जागा डब्याने घेतली. मराठवाड्यात किती तरी मुलांचे शिक्षण एसटीने आलेल्या डब्यावर झाले आहे. पहाटे आई भाकरी थापते, सोबत पिठले, ठेचा किंवा शेंगदाण्याची चटणी. डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटने नाव. गावातून निघणाऱ्या पहिल्या गाडीत डबा कंडक्टरच्या हवाली होतो, स्टँडवर पोरगा तो उतरवून घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत. घर मुलाबरोबर जाऊ शकले नाही म्हणून त्याच्या ताटातले रोज गाडीत बसले. गाडी चुकली, पावसात ओढ्याला पूर आला, संप झाला, की वार बुडाल्यासारखेच.

पुण्यात गेलेल्यांना 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने निघालेल्या विद्यार्थी सहाय्यक समितीने आधार दिला. तिलाच आमच्याकडे नुसते ‘समिती’ म्हणतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना 2016–17 पासून स्वाधार योजनेत जेवणखाणाचे आणि खोलीचे पैसे थेट खात्यात मिळतात. पैसे मिळाले तरी खोली मिळतेच असे नाही.

आता उलटा प्रवासही सुरू होईल. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्याला केंद्र सरकारने 2023 साली अंतिम मंजुरी दिली. सुमारे 2,600 कोटींचे काम आहे. ते उभे राहिले की देशातले आणि परदेशातले संशोधक, विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात शिकायला येतील. ते औंढ्यात, हिंगोलीत खोल्या शोधतील, जेवणाची सोय विचारतील. आणि आजही आपल्याकडे खोली दाखवण्याआधी घरमालक आडनाव विचारतो, ते कळल्यावर ‘कालच दिली’ असे सांगतो. वसतिगृह काढून ज्यांनी हा प्रश्न बाजूने ओलांडला त्यांना शंभर वर्षे झाली. औंढ्याला येणाऱ्या मुलांनाही तो विचारला जाईल का, हे तिथले घरमालक ठरवणार आहेत.