भागवताच्या झांजेमागे

साताऱ्याहून निघा. साल १८४२. गादीवर शहाजीराजे आहेत, पण गावाचा जीव अडकलाय तो प्रतापसिंह महाराजांत. तीन वर्षांपूर्वी इंग्रजांनी त्यांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. त्यावर मोठ्याने बोलायची सोय नाही. तुम्हीही बोलू नका. माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते तिथे पाय धुवा आणि काठाकाठाने खाली चालू लागा. कऱ्हाडला कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते. तिथे मुक्काम करा. पुढे जमीन काळी होत जाते, बोलण्याचा हेल लांबतो, आणि सांगली-मिरजेच्या बाजारात शिरलात की मराठीच्या जोडीने कानडीही कानावर पडू लागते. इथे दोन्ही भाषा कळणाऱ्या माणसाचं कुणाला कौतुक नाही, एकच कळणाऱ्याची थोडी कीव येते.

सांगलीवर चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा अंमल आहे. १८०१ साली मिरजेपासून फारकत घेऊन त्यांनी हे संस्थान उभं केलं. आता त्यांची साठी उलटली आहे. गावात सध्या एकच विषय आहे: कानडा मुलखातून भागवत मंडळी आलीय, रात्री खेळ आहे.

जागा लवकर धरा. हिलाल पेटलेत, तेलाचा धूर डोळ्यांत जातोय. दोघांनी एक कापड आडवं ताणून धरलंय. पडदा म्हणून एवढंच. कापडाच्या वर मुकुटाचं टोक थरथरतंय आणि खाली घुंगरांचे पाय जागच्या जागी नाचताहेत. मधला माणूस अजून दिसत नाही, तरी पोरं आधीच आयांना बिलगलीत. मग कापड बाजूला होतं. लालभडक तोंडाचा राक्षस अशी काही आरोळी ठोकतो की मागच्या रांगेतला कुणीतरी उठून उभाच राहतो.

तुमच्या शेजारी मिरजेकडचा एक म्हातारा बसलाय. विचारा त्याला.

“काय म्हणतोय हो तो, बाबा?”

“राग आलाय त्येला. एवढं कळाया कानडी कशाला पायजे?”

खरं आहे. पण राक्षसाकडे फार वेळ बघू नका. त्याच्या मागे बघा. तिथे भागवत आहे, हातात झांज, शेजारी मद्दळेवाला. खेळ खरा तो चालवतोय. कथा पदांतून तो गातो, पात्रं त्यावर नाचतात, आणि पद संपलं की त्यातलाच अर्थ आपल्या शब्दांत बोलतात. बोलणं कुणी लिहून दिलेलं नाही. लिहिलेलं आहे ते फक्त गाणं.

प्रेक्षकांत विशीतला एक तरुण असणार. विष्णू अमृत भावे, पुढचे विष्णुदास. वडील संस्थानच्या चाकरीत. मुलाच्या हाताला लाकडाच्या बाहुल्या करायचा नाद, पदं रचायचाही. श्रीमंत आप्पासाहेबांना खेळाची कल्पना आवडली, ओबडधोबडपणा आवडला नाही. हेच मराठीत, नीटनेटकं करून दाखव, असा हुकूम विष्णूला झाला.

आता एक वर्ष पुढे या. ५ नोव्हेंबर १८४३, रविवार. कार्तिकी एकादशी होऊन गेलीय, पौर्णिमा जवळ आलीय. सांगलीच्या राजवाड्यात ‘सीता स्वयंवर’ होतंय. अंगरखा, पागोटं घालून या, दरबार आहे. सूत्रधार आपल्या साथीदारांसह मंगलाचरण गातो. झाडपाला गुंडाळलेला विदूषक वेडंवाकडं नाचत येऊन त्याची फिरकी घेतो. गणपती येतो, सरस्वती मोरावर बसून नाचत येते, आणि मग कथा सुरू होते. सीता म्हणजे ओठावर मिसरूड न फुटलेला एक मुलगा. धनुष्य उचलताना रावण उताणा पडतो तेव्हा हसू आवरू नका, दरबारही हसतोच.

आणि आता कान लावा. सीतेला काय वाटतं ते सीता गात नाही. सूत्रधार गातो. सीता उभी राहते, मग आपल्या शब्दांत बोलते. गेल्या वर्षी हिलालाच्या धुरात पाहिलेला भागवत मराठी पागोटं घालून इथे उभा आहे. पदं मात्र कीर्तनाला बसणाऱ्या कुणाही मराठी माणसाच्या कानाला ओळखीची वाटावीत अशी. पोशाख, आरोळ्या, राक्षसांची आदळआपट यांचीच चर्चा पुढे फार झाली, या नाटकांना ‘तागडथोम’ म्हणून हिणवलंही गेलं. भाव्यांनी दक्षिणेकडून आणलेली खरी वस्तू म्हणजे ही व्यवस्था: आधी गाणं, त्याच्या आधाराने बाकी सगळं. म्हणून मी त्यांना नाटककाराआधी गीतकार म्हणेन. १८८५ साली त्यांनी आपली आख्यानं छापली त्या पुस्तकाचं नाव ‘नाट्यकवितासंग्रह’ आहे. संवाद त्यात सापडायचे नाहीत, कारण ते कागदावर कधी नव्हतेच.

१८५१ साली श्रीमंत वारले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली. १८५३ साली तुम्ही त्यांना मुंबईत गाठू शकाल, तिकीट काढून. हा प्रवास हालाचा आहे. बैलगाड्या, नटांचे रुसवेफुगवे, कर्ज. तिथे रेंगाळू नका.

थेट पुण्याला या, ३१ ऑक्टोबर १८८०. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’. अण्णासाहेबांचा जन्म बेळगावाकडच्या गुर्लहोसूरचा, साल १८४३. म्हणजे ‘सीता स्वयंवर’ झालं त्याच वर्षाचा. कानडी चाली त्यांच्या कानात लहानपणापासूनच्या. त्यांनी एकच बदल केला, पण केवढा! सूत्रधाराच्या तोंडचं गाणं काढून पात्राच्या तोंडी दिलं. आता शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाते. जवळजवळ चाळीस वर्षांनी भागवत अखेर खाली बसला. नाटकातल्या पदासाठी ‘वन्स मोअर’चा कल्ला करणारा मराठी प्रेक्षक इथून घडत गेला.

परत सांगलीला चला आणि हरिपुरात थांबा. वारणा इथे कृष्णेला मिळते. गोविंद बल्लाळ देवल इथलेच, १८५५ सालचे, बेळगावच्या शाळेत अण्णासाहेबांच्या हाताखाली शिकलेले. १८९९ साली त्यांचं ‘शारदा’ आलं आणि म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू घातलेल्या मुलीची व्यथा घराघरांत गुणगुणली गेली. ही पदं वाचून बघा: शब्द इतके साधे, की चालीवाचूनही तोंडात बसतात. भाव्यांच्या देवांकडून देवलांच्या शेजारघरापर्यंत मराठी पद छपन्न वर्षांत आलं.

उत्तरेतल्या घराण्यांचं ऋण मराठी संगीतवाले उठताबसता सांगतात. दक्षिणेचं नाव घ्यायची वेळ आली की आवाज खाली येतो, आणि सीमाप्रश्न पेटल्यापासून तर जास्तच. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ किराण्याचे, पण कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांनी उघडपणे आपल्या गाण्यात घेतली. त्यांनी संकोच केला नाही. सांगलीकरांनीही करू नये.

दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. त्या सोहळ्याला जरूर जा. पण यक्षगानाचे, म्हणजे भागवताच्या त्या खेळाचे, मेळेही साधारण त्याच महिन्यात बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव खेळ करतात. तेव्हा सोहळा आटोपला की घरी परतू नका, होन्नावरकडची गाडी धरा आणि एक रात्र भागवताच्या जवळ बसून काढा. कानडी येत नसली तरी चालेल.