तोंडी खंड

मुरबाडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. सिद्धगडाखालच्या वाड्यापाड्यांतली ठाकर, महादेव कोळी, कुणबी कुळं यायची, ती कागदाशिवायच. त्यांचा आजा मळणी झाली की खंडाचं भात सावकाराच्या ओटीवर नेऊन घालायचा. पावती मागायची कुणाची छाती नव्हती.

अशा तोंडी व्यवहाराला आधार दिला तो १९४८ च्या कूळ कायद्याने. त्याचं कलम ४ मला अजून तोंडपाठ आहे. दुसऱ्याची जमीन रीतसर कसणारा मालकाच्या घरातला, पगारी गडी, मालकाच्या देखरेखीखालचा मजूर किंवा ताबेगहाणदार नसेल, तर तो कूळच. कराराचा कागद हवा अशी अटच नाही. ‘तो आमचा गडी होता’ हा मालकाचा हुकमी बचाव. पण गड्याला मजुरी म्हणून पिकाचा वाटा मिळत असेल, तर तोही लंगडा पडायचा. कुळाने स्वखर्चाने बांधलेलं घर, लावलेली झाडं, यांनाही संरक्षण मिळालं. आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं.

वकील असलेले भाई कोतवाल सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ ला पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. हा कायदा त्यांनी पाहिला असता, तर कचेरीत आमच्या कुळांच्या बाजूने उभे राहिले असते, असं मला आपलं वाटतं.

कारण खरी लढाई पुराव्याचीच होती. पीकपाहणीत ‘रीत’ नावाचा एक चिंचोळा रकाना असे. तिथे १ म्हणजे मालक स्वतः कसतो, ३ म्हणजे दुसरा कोणी. त्या एका आकड्यावर अख्खं शेत तरायचं नाहीतर बुडायचं. दुसरा घात राजीनाम्याचा. कुळाने जमीन सोडायची तर ते लेखी हवं आणि मामलेदाराने खातरजमा करायला हवी, असं कायदा सांगतो. हा नियम कुळाच्या भल्यासाठी, तरी न वाचता उठवलेले अंगठे मी कमी पाहिले नाहीत. तोंडी हक्क कागदानेच गेला.

आता इथे फार्महाऊससाठी गिऱ्हाइकं फिरताहेत. तुमच्या आज्याने कुणाची जमीन कसली असेल, तर कुठेही सही करण्याआधी १९४७ ते १९५७ चे पीकपाहणीचे उतारे आणि फेरफार अभिलेख कक्षातून काढून घ्या.