मालकी कोणाची, नियंत्रण कोणाचे?

अर्थव्यवस्थांचे वर्गीकरण सामान्यतः मालकीवरून केले जाते. उत्पादनाची साधने खासगी हाती असल्यास भांडवलशाही, राज्यसंस्थेच्या हाती असल्यास समाजवाद आणि दोन्ही क्षेत्रे नांदत असल्यास मिश्र अर्थव्यवस्था, ही पाठ्यपुस्तकातील व्याख्या होय. ती अपुरी आहे. नाझी जर्मनीत बहुसंख्य कारखाने खासगी मालकांकडेच होते. मात्र 1936 च्या चतुर्वार्षिक योजनेनंतर कच्चा माल, किमती आणि वेतन यांवर सरकारचीच पकड होती. म्हणूनच मालकाच्या हाती निर्णय किती उरतात, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

जोतिबाच्या डोंगराखालचा ऊसपट्टा हा भेद स्पष्ट करतो. पन्हाळा तालुक्यातील आसुर्ले-पोर्ले येथील दत्त साखर कारखाना मूळचा सहकारी. 2012 मध्ये तो दालमिया समूहाकडे गेला. मालक बदलला, नियम बदलले नाहीत. जवळच कुडित्रे येथे असलेल्या कुंभी-कासारी या सहकारी कारखान्यालाही तेच नियम लागू आहेत.

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार ठरवते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला तो क्विंटलमागे 355 रुपये होता. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे देणे बंधनकारक असून विलंब झाल्यास 15 टक्के व्याज द्यावे लागते. महाराष्ट्रात दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतर आवश्यक ठरवण्यात आले. साखरेची किमान विक्री किंमत 2018 मध्ये किलोला 29 रुपये ठरली व 2019 मध्ये 31 रुपये झाली.

नियंत्रण नेहमी एकाच दिशेने सरकत नाही, हेही येथे दिसते. साखर उद्योग 1998 मध्ये परवानामुक्त झाला. रंगराजन समितीच्या अहवालानंतर 2013 मध्ये लेव्ही साखर आणि विक्रीचा कोटा रद्द झाला. पण 2018 मध्ये दर कोसळताच मासिक कोटा परतला. निर्बंधांबद्दल कारखानदार तक्रार करतात आणि किमान विक्री किंमत वाढवण्याची मागणीही तेच करतात, हे विसरता येत नाही.

याच शिवारातील ऊस गुऱ्हाळाकडेही जातो. तेथे एफआरपी नाही, अंतराची अट नाही. गूळ कोल्हापूरच्या बाजार समितीत सौद्याला येतो आणि त्या दिवशीची आवक व मागणी पाहून दर निघतो. बाजार समितीही कायद्यानेच चालते, त्यामुळे सरकार येथे अगदीच अनुपस्थित नाही. दराची हमी मात्र कोणीच देत नाही. भाव चढला तर गुळाच्या शेतकऱ्याला रोख लाभ होतो. तो पडला, तर 14 दिवसांच्या नियमावर बोट ठेवून दाद मागण्याची सोय कारखान्याला ऊस घालणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याला आहे, त्याला नाही.