भुलीच्या बंदुकीवरची दुर्बीण

डोंगरातील शिकारीसाठी हलकी रायफल घ्यावी आणि तिच्यावर कोणती दुर्बीण बसवावी, हा युरोप-अमेरिकेतील शिकाऱ्यांचा जुना चर्चाविषय आहे. भारतात तो १९७२ साली निकालात निघाला, असे वरवर पाहता वाटते. त्या वर्षीच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या ९व्या कलमाने शिकारीला बंदी घातली, पुढे परवान्यांची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि बिबळ्यासारखे प्राणी पहिल्या अनुसूचीत गेले. मात्र या कायद्याने शिकार या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत प्राण्याला मारण्याबरोबर त्याला पकडणेही येते. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या गोडदेवसारख्या दाट वस्तीत बिबळ्या शिरला आणि त्याला भूल देऊन पिंजऱ्यात घालायचे ठरले, तर कायद्याच्या भाषेत तीही शिकारच ठरते. त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आणि सकारण आदेश लागतो. पकडणे, भूल देणे किंवा अन्यत्र हलविणे शक्य नाही, अशी खात्री पटल्याशिवाय प्राण्याला ठार मारण्याचा आदेश देता येत नाही, असेही ११वे कलम बजावते.

म्हणजे हलक्या रायफलीवर दुर्बीण कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. फक्त तो विचारणारे हात वनखात्याचे आणि पशुवैद्यांचे आहेत आणि नळीतून गोळीऐवजी औषधाने भरलेली सुई सुटते.

मीरा-भाईंदरला या प्रश्नाची निकड भूगोलाने दिली आहे. २००२ साली महापालिका झालेल्या या शहराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. काशिमिरा, वरसावे, चेणे हा घोडबंदर रस्त्याचा पट्टा तर जंगलाला खेटूनच आहे. कचऱ्याच्या ढिगांवर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागोमाग बिबळ्या येतो. २००४ साली उद्यानाच्या परिसरात माणसांवरील हल्ल्यांनी मुंबई हादरली होती. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यातील एका मॉलमध्ये शिरलेला बिबळ्या काही तासांनी जवळच्या हॉटेलच्या आवारात सापडला आणि भूल देऊन त्याला पकडण्यात आले. अशा वेळी बंदूक चालविणाऱ्याला बहुधा एकच संधी मिळते. पहिली सुई चुकली की बिथरलेला प्राणी गर्दीत घुसतो, आणि बिथरलेल्या प्राण्यावर औषधाचा अंमलही उशिरा बसतो.

सुई फेकणाऱ्या बंदुकीची कल्पना न्यूझीलंडचे औषधनिर्माते व पशुवैद्य कॉलिन मर्डॉक यांनी १९५०च्या दशकात प्रत्यक्षात आणली. आज प्रचलित असलेल्या बंदुका दोन जातींच्या आहेत. एकीत कोरे काडतूस उडवून सुईला रेटा मिळतो. दुसरीत कर्बवायूच्या किंवा हवेच्या दाबावर काम चालते आणि तो दाब चकतीवर पाहून कमी-जास्त करता येतो. वस्तीतील कामासाठी दुसरी जात अधिक सोयीची, कारण तिचा आवाज कमी आणि धक्का जवळजवळ नाहीच. हा धक्का नसणे दुर्बीण निवडताना फार महत्त्वाचे आहे. डोंगरी शिकारीची तीन किलोंच्या आतली रायफल खांद्याला जबर हिसका देते. तिच्यावरील दुर्बीण डोळ्यापासून नऊ-दहा सेंटिमीटर दूर ठेवावी लागते, नाहीतर भुवई फुटते. भुलीच्या बंदुकीला ती भीती नाही. त्यामुळे शिकारी दुर्बिणीच्या जाहिरातीत ज्या दणकटपणाचे पोवाडे गायलेले असतात, त्याचे मोल येथे मोजण्याचे कारण नाही.

खरा फरक वेगाचा आहे. शिकारी रायफलीची गोळी सेकंदाला आठशे-साडेआठशे मीटर वेगाने जाते आणि ३० मीटरवर ती सहा-सात मिलिमीटरच खाली येते. सुईचा वेग सेकंदाला ६० मीटर धरला, तर तेवढेच अंतर कापायला तिला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती जवळजवळ सव्वा मीटर खाली येते. २० मीटरवर ही घसरण अर्ध्या मीटरहून थोडी अधिक, तर १० मीटरवर साधारण १४ सेंटिमीटर भरते. हवेचा विरोध धरला तर आकडे आणखी वाढतील. सामान्य दुर्बिणीच्या वरच्या कळीने नेम जेवढा खाली-वर करता येतो, तेवढ्याने ३० मीटरवरची ही घसरण भरून निघत नाही. कळ शेवटपर्यंत फिरवली तरी बरीच तूट उरते.

म्हणून जाणकार दुर्बीण एका जागी पक्की ठेवतात आणि वायूचा दाब बदलतात. अमुक अंतराला अमुक दाब, असे कोष्टक प्रत्येक बंदुकीसाठी आणि सुईच्या प्रत्येक वजनासाठी तयार करून ते दस्त्यावरच चिकटवले जाते. जवळच्या प्राण्यावर जादा दाबाने सुई सोडली तर ती स्नायूत खोल घुसून हाडाला इजा करते. दूरच्या प्राण्यावर दाब कमी पडला तर ती आपटून खाली पडते. अंतर अचूक कळणे ही या सगळ्याची पहिली अट ठरते. वनविभागाच्या एखाद्या पथकाकडे मोजकेच पैसे असतील, तर महागड्या दुर्बिणीआधी त्यातून लेसरने अंतर मोजणारे उपकरण घ्यावे. दुर्बीण साधी असली तरी चालेल. अंतराचा अंदाज चुकलेला चालणार नाही.

मोठेपणाच्या आकड्याचा मोह टाळणे ही निवडीची दुसरी पायरी. दुकानदार तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुढे करतो, कारण जगभर तीच सर्वाधिक खपते. डोंगरात पलीकडच्या उतारावरचे हरीण पाहायला ती उत्तम. गोडदेवच्या गल्लीत किंवा जिन्याच्या वळणावर मात्र अंतर १० ते १५ मीटर असते. नऊ पट मोठेपणाच्या दुर्बिणीला १०० मीटरवर साधारण चार मीटर रुंदीचा देखावा दिसतो. म्हणजे १५ मीटरवर जेमतेम साठ सेंटिमीटर. शेपूट सोडून सव्वा मीटरच्या आसपास लांबीच्या प्राण्याचा त्यात एक तुकडाच मावतो. तो तुकडा मांडीचा की पोटाचा, हे ठिपक्यांवरून ओळखायचे! चार पटींच्या दुर्बिणीत प्राणी कसाबसा मावतो, पण त्याच्या मागचे दार, खिडकी किंवा कठड्यावरून वाकून पाहणारा रहिवासी दिसत नाही. शिवाय बहुतेक शिकारी दुर्बिणी १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेल्या असतात. त्यातून १५ मीटरवरचे चित्र मोठ्या पटीवर धूसर दिसते. डोळा मध्यरेषेवरून हलला की नेमाची खूणही सरकते. ४० मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत २० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त दीड सेंटिमीटर होते. मांडीच्या स्नायूवर नेम धरताना दीड सेंटिमीटरने फारसे बिघडत नाही. या दोषाचा बाऊ उगाच केला जातो. धूसरपणा आणि अरुंद देखावा हेच खरे अडथळे आहेत.

वस्तीतील कामाला म्हणून रेड डॉट हा प्रकार सरस ठरतो. यात काहीच मोठे दिसत नाही. काचेवर लाल ठिपका उमटतो आणि तो लक्ष्यावर ठेवायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात, आजूबाजूची माणसे दिसत राहतात, डोळा काचेपासून किती दूर हवा याचे बंधन नाही आणि छोट्या नमुन्यांचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपासच असते. ठिपक्याचा आकार कोनाच्या मिनिटांत सांगतात. चार मिनिटांचा ठिपका २० मीटरवर सव्वादोन सेंटिमीटर जागा व्यापतो. तो पुरेसा बारीक आहे आणि घाईत सापडतोही. ठिपक्याची प्रखरता अगदी मंद करता येते की नाही, हे विकत घेण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत पाहावे. बिबळ्याची बोलावणी रात्री-पहाटेच येतात आणि प्रखर ठिपका अंधारात प्राण्यालाच झाकून टाकतो. ज्यांच्या चष्म्यात तिरका नंबर आहे, त्यांना हा ठिपका चांदणीसारखा फाटलेला दिसतो. अशांनी दुसरा पर्याय पाहावा.

तो पर्याय म्हणजे एक ते चार पटींची, २४ मिलिमीटर भिंगाची लहान दुर्बीण. वजन अर्ध्या किलोच्या आत. एक पटीवर ती जवळजवळ उघड्या डोळ्यासारखी चालते आणि उद्यानातील उतारावर, ३०-४० मीटरवर झुडपात बसलेल्या जनावरासाठी चार पट करता येते. तेथे मोठेपणा नेमासाठी कमी आणि पाहण्यासाठी अधिक लागतो. मांडीसमोर आडवी आलेली काडी दिसली पाहिजे, कारण सावकाश जाणारी सुई काडीला लागूनही भरकटते. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २४ला चारने भागता सहा मिलिमीटर येतात; अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण सातपर्यंत उघडते आणि पन्नाशीनंतर पाचच्या आसपास थांबते. म्हणजे याहून मोठ्या भिंगाचे ओझे वाहून फारसे काही साधत नाही.

दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसते, ही गोष्ट पिंजऱ्यापाशी हमखास विसरली जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोह निवारा केंद्रासारख्या ठिकाणी बंदिस्त जनावराला तीन-चार मीटरवरून सुई मारायची वेळ येते, तेव्हा ती ठिपक्यावरच लागेल असे नाही. इतक्या जवळून फुंकनळी अधिक सौम्य आणि अधिक अचूक.

किनारपट्टीच्या हवेत दुर्बिणीचा खरा शत्रू दमटपणा आहे. आत नायट्रोजन भरून हवाबंद केलेलीच दुर्बीण घ्यावी, नाहीतर जूनमध्ये आतून वाफ धरते आणि दिवाळीपर्यंत भिंगावर बुरशीची जाळी पसरते. चामड्याच्या किंवा स्पंजाच्या पेटीत ती ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा आणि निळ्या सिलिकाच्या पुड्या पुरतात. पुड्या गुलाबी झाल्या की बदलाव्या. रेड डॉटची बॅटरी पावसाळ्यापूर्वी बदलून जुनी फेकून द्यावी, ती चालू असली तरी.

पकडीचे स्क्रू जीपच्या हादऱ्यांनी ढिले होतात. त्यामुळे मोहिमेवर निघण्यापूर्वी, प्रत्यक्ष औषधाइतकेच पाणी भरलेली सरावाची सुई १०, २० आणि ३० मीटरवर पोत्यावर मारून पाहावी आणि कोष्टकाशी ताडून घ्यावी. झायलाझिन आणि केटामाइन यांच्या मिश्रणाने भरलेली दोन-तीन मिलिलिटरची सुई रिकाम्या सुईपेक्षा जड असते. रिकाम्या सुईवर जुळवलेला नेम ऐनवेळी खालीच लागतो.